चार नंबरच्या रायफलीखालचा टेकू

मी टेकू बोलतोय. रायफलीखाली ठेवतात तो. दोन फळ्या, आटे पाडलेली एक सळई, जुन्या जीन्सचा तुकडा आणि नागली, म्हणजे नाचणी, भरलेली एक पिशवी, एवढंच माझं घराणं. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. आणि मी मत्सरी आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

जन्म अंबडचा. तिथे मशीनच्या पार्टांसाठी लाकडी खोकी बनवणारी एक शेड आहे. माझ्याच ओंडक्यातल्या बाकीच्या फळ्या खोकी होऊन जहाजानं परदेशी गेल्या. जाताना त्यांच्यावर बाणांचे शिक्के मारले, 'जपून उचला' असं लिहिलं. मी दोन इंच आखूड निघालो. माझ्यावर कामगार चहाचे ग्लास ठेवायचे. तेव्हापासून दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही.

कोपऱ्यातून मला उचललं शेखरनं. बावीस वर्षांचा, त्याच शेडमध्ये खिळे ठोकायला. डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला सोडला. का सोडला, हे विचारणारे चिक्कार होते, उत्तर ऐकून घेणारा एकही नाही. त्याचा बाप निवृत्ती एका ऑफिसात क्लार्क. घरी पाहुणे आले की हा माणूस पोराची ओळख करून देतो, "हा आमचा अर्धवट." पाहुणे हसतात. चहा पितात. बिस्किट बुडवतात.

ज्या दिवशी उचललं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेखर बारकूशी बोलत होता. बारकू सुरगाण्याकडचा, शेखरच्या शेजारच्या टेबलावर करवत चालवायचा.

"निक्की दोन वर्षं झाली क्लबमध्ये छर्रे मारतेय," शेखर म्हणाला. निक्की म्हणजे त्याची बहीण निकिता, बारावीला. "कधी शंभरातले नव्वद पडतात, कधी बहात्तर. सर म्हणतात हात कापतो. अरे, पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून दहा मिनिटं धरते ती. कुठं कापतो?"

"मंग?"

"रायफल खराब आहे. चार नंबरची. सगळ्यात जुनी ती हिच्या गळ्यात मारलीय. रविवारी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी चार जण निवडणार आहेत. चारात नाही आली तर पप्पा बंद करणार. म्हणतात, पुरे झालं ठो ठो, आता बारावीकडं बघ."

"मंग तू काय करशील?"

"रायफल माणसाच्या हातातच द्यायची नाही. टेकूवर ठेवायची. टेकूचा हात कापत नाही. तरीपण छर्रे इकडं तिकडं गेले, तर दोष रायफलीचा. सरांना तोंडावर दाखवतो."

म्हणजे माझा जन्म भांडणासाठी झाला. मला काही वाईट वाटलं नाही.

तीन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्यांत त्यानं मला बनवलं. एक फळी खाली आडवी. तिला भोक पाडून सळई उभी केली, खालून-वरून नट आवळले. सळईच्या डोक्यावर दुसरी फळी, तिला वरून खोल खाच. नट फिरवला की खाच वर, उलटा फिरवला की खाली. खाचेत जीन्सची घडी खिळ्यांनी ठोकली, म्हणजे रायफलीला ओरखडा नको. मला ओरखडे पडले तर चालतात. पहिल्यांदा बुड अरुंद ठेवलं तर मी डुलायला लागलो. मग त्यानं दोन्ही बाजूंना पट्ट्या मारल्या आणि माझ्यावर हाताची टाच दाबून बघितली. हललो नाही. "बसलास का नीट?" म्हणाला. माझ्याशी कुणी बोललं असं ते पहिलं वाक्य.

हा झाला पुढचा भाग. रायफलीचा मागचा दस्ता ठेवायला पिशवी लागते. शेखरनं जीन्सची तंगडी शिवून तिच्यात रेती भरली. रेती ओली निघाली, शिवणीतून गळायलाही लागली.

"रेती नको शेखरभाऊ," बारकू म्हणाला. "फरशीवर सांडली का सर तुला सांडतील. नागली भर. बारीक दाणा, गोल. दाबशील तशी बसते. आन् तिला कीड नाय लागत."

"खायची वस्तू?"

"आमच्याकडं भाकर करून खातात, तुमच्याकडं बंदूक टेकवा. तिला काय फरक पडतो?"

दुसऱ्या दिवशी बारकूनंच घरची सव्वा किलो नागली आणली. तर असा मी. पुढून लाकडाचा, मागून नागलीचा.

बुधवारी शेखर मला गाडीवर घेऊन क्लबात आला. गंगापूर रोडला एक मंगल कार्यालय आहे, त्याच्या तळघरात हा क्लब. वर लग्नं लागतात, खाली पोरं दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारतात. बसायला लग्नाच्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीच्या पाठीला अजून हळद लागलेली.

तिथं पहिल्यांदा मी चार नंबर बघितली.

तिला आतून फोम लावलेली पेटी होती. तिला पुसायला वेगळं मऊ फडकं, वेगळं तेल. पोरं तिला दोन्ही हातांवर घेऊन यायची, बाळंतिणीजवळचं मूल घेतात तशी. आणि मला? शेखरच्या काखेत, लादीचा तुकडा असावा तसा. ती माझ्या खाचेत आडवी झाली आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. चांगली साडेतीन किलोची. भार माझा, नाव तिचं. निशाणा लागला की सगळे म्हणणार, काय रायफल आहे!

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सरांच्या कपाटात अजून एक जण होता. माझ्याच जातीचा. अॅल्युमिनियमचा, विलायती, मापाच्या रेघा कोरलेल्या, चाकं फिरवली की लोण्यासारखा वर-खाली होणारा. काचेमागं बसून असायचा. क्लबला कोणी मोठा पाहुणा आला की तो बाहेर निघायचा, फोटो व्हायचा, परत आत. दोन वर्षांत त्याच्यावर एकाही पोराची रायफल टेकली नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझे नट ढिले झाले.

रविराज सर आले. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात शिट्टी. शिट्टीचं तिथं काय काम ते मला अजून कळलेलं नाही.

"घ्या, सुतार आले," सर म्हणाले. "हे काय मांडलंयस?"

"टेकू आहे सर. रायफल तपासायची."

"टेकू लावून नेम धरायचा म्हणजे कॉपी करून पास व्हायचं. तुला काय, तू तर पास व्हायच्या भानगडीतच पडला नाहीस."

दोन-तीन पोरं खिदळली. निकिता भिंतीशी उभी होती. बारीक चणीची, दोन वेण्या, हातात छर्‍यांची डबी. तिनं मान खाली घातली. शेखर नुसता म्हणाला, "सर, दहा छर्रे. जास्त नाही."

"मार. मन भरून मार. वीस वर्षं पोरं बघतोय मी. हात कापतो म्हटलं की कापतो."

आधी शेखर बसला. आयुष्यात पहिल्यांदा रायफल धरत होता. रायफलीवरच्या मागच्या खाचेत पुढची काडी, काडीच्या टोकावर लांबचा काळा गोल, एवढं निकितानं त्याला कानात सांगितलं. तो घोडा दाबणार तेवढ्यात मी मनातल्या मनात चार नंबरला म्हटलं, विखुर. विखुर की बाई. आजच्या दिवस खराब निघ. मला निकिताची काळजी होती असं मी म्हणणार नाही. मला ती फोमची पेटी भंगारात गेलेली बघायची होती.

पाच छर्रे. सरांनी कागद ओढून आणला. पाचही भोकं एकमेकांत शिरलेली, वर एक रुपया ठेवला तर झाकली जातील.

रायफल चांगली होती. त्या दिवशी मी तिचा सगळ्यात जास्त राग केला.

"काय सुतार?" सर म्हणाले. "कधी बंदूक न धरलेला तू, तुझे पाच एकत्र. रायफल खराब का?"

शेखरचं तोंड उतरलं. तीन दिवस उपाशी राहून त्यानं मला बनवलं, आणि मी त्यालाच खोटं पाडलं.

"आता मी बसते," निकिता म्हणाली.

ती बसली. तिचा गाल दस्त्याला लागला. आता ऐका, कारण ही गोष्ट त्या तळघरात फक्त मला माहीत होती. हात कापत असला की तो कंप नागलीत उतरतो आणि तिथंच जिरतो. दाणे आतल्या आत कुरकुरतात. शेखर बसला होता तेव्हा कुरकुरले होते. निकिताच्या हाताखाली नागली गप्प होती. एक दाणा हलला नाही.

पाच छर्रे झाले. कागद आला. एक भोक डावीकडे लांब, एक उजवीकडे, तीन मधे सांडलेली.

"बघा!" सरांचा आवाज चढला. जिंकलेल्या माणसाचा आवाज. "टेकू लावूनही. आता तरी पटलं? अरे, एकेकाची नर्व्हस सिस्टीमच तशी असते. तिला म्हणावं अभ्यास कर, बँकेच्या परीक्षा दे."

निकिता खुर्चीवरून उठलीच नाही. डबीचं झाकण लावत होती, ते लागत नव्हतं.

शेखर दोन्ही कागद शेजारी धरून उभा होता. शेडमध्ये दिवसभर फळ्या मापणारा माणूस तो, नजर तिथंच जाते. "सर, हात कापला असता तर वर-खाली पण गेले असते ना? हे सगळे एका आडव्या रेषेत आहेत. पट्टी ठेवा."

"मला शिकवतोस?"

"नाही. मापतोय." मग तो बहिणीजवळ वाकला. "निक्की, तुला समोर काय दिसतं?"

"काळा गोल."

"कसा?"

"गोल म्हणजे गोल, दादा. दोन्ही बाजूंना थोडा पसरलेला. अंडं आडवं ठेवल्यासारखा. सगळ्यांना दिसतो तसा."

वर कुणाची तरी हळद होती, बँडवाला ढोलाचा ताण बघत होता.

"अंड्यासारखा?" शेखर म्हणाला.

"हो. मग त्याचा मधला भाग कुठं ते अंदाजानं धरायचं. तुला तसा नाही दिसत?"

"मला गोल दिसतो निक्की. थाळीसारखा."

तिनं आळीपाळीनं सगळ्या पोरांकडे बघितलं. सगळ्यांना गोल दिसत होता. दोन वर्षं ती पोरगी अंड्याचा मध्य शोधत होती, आणि दोन वर्षांत एकाही माणसानं तिला विचारलं नव्हतं की बाई, तुला दिसतं काय? रविराज सरांनी स्वतःचा जाड भिंगांचा चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागले. पुसत राहिले.

घरी आल्यावर शेखरनं मला टीव्हीच्या टेबलावर धप्पकन ठेवलं. बाप पेपर वाचत होता.

"पप्पा, निक्कीचे डोळे तपासायचेत. उद्या."

"डोळे चांगलेत तिचे," बाप म्हणाला. फार लवकर म्हणाला. पेपर खाली न घेता.

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. सिंधुबाई, पोरांची आई, पिठाच्या हातानं दारात आली. "सांगून टाका आता," म्हणाली.

"काय सांगायचं? तू आत जा."

"मी सांगते मग. दहावीत शाळेत डोळ्यांचा कॅम्प झाला होता. चिठ्ठी दिली होती. तिरका नंबर आहे, चष्मा लावा म्हणून. यांनी लाईट बिलाच्या फाईलमधे ठेवली. मला म्हणाले, बोलू नको."

निकिता म्हणाली, "का?"

निवृत्तीनं पेपरची चौकोनी घडी घातली. मग अजून एक घडी. "नांदगावची आत्या म्हणाली. तिच्या नणंदेच्या पोरीला चष्मा होता, पाहुणे आधी तेच विचारायचे, नंबर वाढेल का, पोरांना येईल का. आज ना उद्या तुला बघायला येणारच ना कोणी? मी म्हटलं बारीकसा नंबर आहे. जाईल आपोआप. इलाज करतच होतो की मी."

"कसला इलाज?"

"गाजर."

निकिता त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणून रोज सकाळी गाजर? दोन वर्षं? मला वाटलं तुम्हाला माझी काळजी आहे."

"काळजीनंच दिलं ना!"

"पप्पा, तुम्ही मला अर्धवट म्हणता," शेखर म्हणाला. "मी निदान माझंच अर्धं सोडलं."

"आवाज खाली!"

आवाज खाली. ऑफिसातसुद्धा हेच म्हणत असेल. मी त्या टेबलावर बसून बघत होतो आणि मला एवढंच वाटलं, की या मोठ्या माणसांना काही कळत नाही असं नाही. कळतं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, सही-शिक्क्यासकट. ते ती फाईलला लावतात, आणि वर पोराचा हात कापतो म्हणतात.

गुरुवारी शेखरनं शेडमध्ये खाडा केला आणि निकिताला सिडकोतल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. शनिवारी चष्मा आला.

आला तो. काळ्या दांड्यांचा, वीस ग्रॅमचा, मुलायम डबी, आत मखमल, पुसायला चौकोनी फडकं. निकितानं तो लावला आणि खिडकीत गेली. समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं. "दादा, टाकी गोल आहे," म्हणाली. मग तारेवरचे कपडे बघितले, मग स्वतःचा तळहात. खूप वेळ तळहातच बघत होती. आई रडली. मला कुणी टीव्हीच्या टेबलावरून उचललंसुद्धा नाही. दोष शोधला कुणी? मी. कौतुक कुणाचं? नाकावर बसायला आलेल्याचं.

दुकानदारानं मात्र एक सांगितलं होतं: तिरक्या नंबरचा पहिला चष्मा आहे, सवय व्हायला पाच-सहा दिवस लागतील, तोवर जमीन कलल्यासारखी वाटेल.

पाच-सहा दिवस नव्हते. रविवार दुसऱ्याच दिवशी होता.

निवडीत टेकू चालत नाही. उभं राहून, स्वतःच्या हातांवर. शेखरनं तरी मला आणलं आणि भिंतीशी ठेवलं. शेजारी निवृत्ती बसला, हेल्मेट मांडीवर. निकिता पायऱ्या उतरताना भिंत धरून उतरली. जमीन कलत होती तिची. पहिला छर्रा सहा. दुसरा सात. तिसरा परत सात. बाप हेल्मेटचा पट्टा ओढत होता. मग तिनं रायफल खाली घेतली, डोळे मिटले, पाय थोडे रुंद केले, जसं शेखरनं माझं बुड रुंद केलं होतं. पुढच्या सातांतले चार दहावर, तीन नऊवर.

सत्त्याऐंशी. चौथ्या पोराचे एकोणनव्वद.

ती पाचवी आली.

निवृत्ती उठला. "ठरलं होतं आपलं," हळू म्हणाला. ओरडला नाही, हे खरं. "चल बेटा. आता बारावी."

निकितानं चष्मा काढला नाही. "ठरलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं, मला दिसत नाही ते. मला माहीत नव्हतं. असं कुठं ठरवतात, पप्पा?"

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी..."

"दोन वर्षं मी तुमच्या भल्याचं गाजर खाल्लं. मी बारावी पण देईन आणि इथं पण येईन. बघायला कोणी आलं, तर चष्मा लावूनच बसेन. आणि त्यांना मीच सांगेन, नंबर आहे म्हणून. तुम्ही फक्त काही लपवू नका."

तळघरातली सगळी पोरं ऐकत होती. पालकसुद्धा. निवृत्तीला ते लागलं. आयुष्यभर पाहुण्यांसमोर मान ताठ ठेवणारा माणूस, परक्यांसमोर पोरीनं सुनावलं. मला वाटलं, आता हात उचलतो. त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग रविराज सरांकडे वळला.

"पुढची निवड कधी असते?"

"तीन महिन्यांनी."

"नाव लिहून ठेवा हिचं." आणि कुणाकडे न बघता पायऱ्या चढून गेला. माफी मागितली का? नाही. ती या लोकांना येत नाही. पण गाजर दुसऱ्या दिवसापासून बंद झालं, असं शेखर नंतर तळघरात सांगत होता.

सरांनीही माफी मागितली नाही. ते फक्त माझ्यापाशी आले, बुटाच्या टोकानं मला जरा हलवून बघितलं, आणि शेखरला म्हणाले, "हे इथंच राहू दे. नव्या पोरांना आधी यावर बसवून बघू."

"तुमचा विलायती आहे की कपाटात."

"तो खराब होईल रे," सर म्हणाले.

तर आता मी इथं राहतो, तळघरात, लग्नाच्या खुर्चीसमोर. नवं पोर आलं की आधी माझ्यावर टेकवतात. कितीतरी गाल माझ्यासमोर आले-गेले. त्यातल्या तिघांना चष्मे लागले, एकाचा खांदा दुखत होता, एकीला निशाणेबाजी आवडतच नव्हती, बापाला आवडत होती. नागलीला सगळं कळतं. कीडही लागली नाही अजून. काचेमागचा तो विलायती मात्र तसाच चकचकीत आहे, परवा एका पाहुण्याबरोबर त्याचा फोटो निघाला. मी बघितला. मला बरं वाटलं नाही.

पुढच्या निवडीत निकिता दुसरी आली. आता संध्याकाळी शेवटच्या रांगेत उभी राहून मारते, कसल्याही आधाराशिवाय. तिला माझी गरज नाही, आणि ती गरज पडू नये म्हणूनच मला बनवलं होतं, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

तुम्ही घरात मोठे असाल, तर एक ऐका. पोराचा हात कापतो, असं म्हणायच्या आधी त्याला कशावर तरी टेकवून बघा. मग खाली वाका आणि त्याला विचारा, तुला काय दिसतंय? उत्तर येईपर्यंत थांबा. त्याला फार वेळ लागत नाही. आम्हाला इथं दहा छर्रे लागले.

सात वाजले की निकिता चार नंबर पुसून पेटीत ठेवते. दिवा बंद करायच्या आधी चष्मा काढते, त्याला फुंकर घालते, ओढणीच्या टोकानं पुसते आणि परत लावते. मग ती आणि चष्मा, दोघं वर जातात. पायऱ्यांवरून तिच्या चपलांचा आवाज येतो, आता भिंत न धरता. तो तिच्याबरोबर घरी जातो. रोज.